सिकलसेल रोगाची रेणवीय यंत्रणा

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक रोग आहे. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे. तिथे व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. एरवी गोल आणि लवचिक असणारी पेशी त्यामुळे ऑक्सिजन कमी होताच विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. रोगाचे मूळ एका विशिष्ट रेणूच्या दोषात असल्याचे प्रयोगाने दाखवले गेले तो हा पहिला रोग. 'रेणवीय रोग' ही संज्ञाच त्याच्यापासून रूढ झाली. विदर्भात आणि नंदुरबारकडे तो नुसता 'सिकल' म्हणून ओळखला जातो.

या रोगाच्या संशोधनाची एक विचित्र बाजू आहे. दोषी रेणू १९४९ मध्ये सापडला, त्यातली नेमकी चूक १९५७ पर्यंत कळली. रुग्णाला येणारे वेदनेचे झटके कमी करणारे पहिले औषध मात्र १९९५ मध्ये सिद्ध झाले, तेही या चुकीला हात न लावता, वेगळ्याच वाटेने आले.

पेशीच्या आत काय घडते

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात : १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्या जनुकात जी-ए-जी या डीएनएच्या तीन अक्षरांच्या जागी जी-टी-जी येते. म्हणजे बदल एकाच अक्षराचा. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्याचा सहवास मानवतो. व्हॅलिनवर भार नसतो आणि ते पाणी टाळते. रेणूच्या पृष्ठभागावर असे पाणी टाळणारे टोक उघडे पडले की ते आडोसा शोधते.

असा आडोसा शेजारच्या रेणूत असतो, पण नेहमी नाही. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीच्या ८५ व्या व ८८ व्या अमिनो आम्लांजवळ एक खोबण तयार होते. एका रेणूचे व्हॅलिन दुसऱ्या रेणूच्या या खोबणीत बसते, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, आणि पाहता पाहता रेणूंची लड तयार होते. अशा चौदा लडी एकमेकींभोवती पिळून एक तंतू होतो. सुंभाचे पेड वळून दोर करतात, तसाच हा प्रकार. हे तंतू पेशीला आतून ताणतात आणि विळ्याचा आकार देतात. फुप्फुसात पोचल्यावर ऑक्सिजन मिळतो, खोबण मिटते, तंतू विरघळतात आणि पेशी पुन्हा गोल होते. हे वारंवार घडले की तिचे आवरण खराब होते आणि शेवटी ती कायमची वाकडी राहते.

मग रुग्णाच्या अंगातल्या सगळ्याच पेशी सतत का वाकत नाहीत? याचे उत्तर १९७४ मध्ये हॉफ्रिख्टर, रॉस आणि ईटन यांच्या प्रयोगांतून मिळाले. ऑक्सिजन गेल्याबरोबर तंतू बनू लागत नाहीत, मध्ये काही काळ जातो. एवढ्या अवधीत पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे निघाली, तर ती वाचते. हा अवधी पेशीतील हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो आणि हे अवलंबन अतिशय तीव्र आहे : दाटपणाच्या जवळपास तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. पेशीतले पाणी थोडेसे कमी झाले, तरी तो अवधी कितीतरी पटींनी घटतो. 'पाणी भरपूर पी, उन्हात राबू नको, ताप अंगावर काढू नको' हे आशाताईंचे सांगणे वरवर घरगुती वाटते. पण वैशाखात चंद्रपूरच्या शेतावर राबणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा तिसावा घात अगदी खरा असतो.

पुढचे सगळे याच घटनेचे परिणाम आहेत. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. ताठ पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, त्यांच्यामागे इतर पेशी अडकतात, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडे, छाती, पोट असह्य दुखते. फुटलेल्या पेशींतून सांडलेले हिमोग्लोबिन रक्तातील नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. वाहिन्या सैल ठेवणारा हा वायू कमी पडला की त्या आणखी आवळतात. प्लीहा, म्हणजे पानथरी, लहान वयातच निकामी होऊ लागते. त्यामुळे न्यूमोकॉकस जंतूंचा साधा वाटणारा संसर्गही बालकाच्या जिवावर बेततो. लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास हे संसर्ग फार मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले. त्यासाठी बीटा साखळीविषयी काहीही ठाऊक असण्याची गरज नव्हती.

शोधाचा इतिहास

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये 'विचित्र, लांबट, विळ्याच्या आकाराच्या' पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल. त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिल्या त्या हेरिक यांच्या हाताखालच्या अर्नेस्ट आयरन्स या तरुण डॉक्टरने. ऑक्सिजन काढून घेतला की पेशी वाकतात, हे हान आणि गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये दाखवले.

१९४५ मध्ये एका समितीच्या कामानिमित्त हार्वर्डचे विल्यम कॅसल यांनी या रोगाची गोष्ट लायनस पॉलिंग यांच्या कानावर घातली. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ. ऑक्सिजनच्या असण्या-नसण्याने पेशी बदलते, तर दोष ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येच असणार, हे त्यांनी लगेच ताडले. ते सिद्ध करण्याचे चिकाटीचे काम हार्वे इटानो यांनी केले. जपानी वंशाचे असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात इटानो यांना अमेरिकेतच छावणीत डांबले गेले होते; तिथून सुटका झाल्यावर ते वैद्यक शिकले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी व सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात पळवून पाहिले. रुग्णाचे हिमोग्लोबिन निराळ्या गतीने सरकले, कारण त्याचा भार वेगळा होता. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र सापडले. पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा हा निबंध १९४९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला.

भारातला फरक कुठून आला, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी शोधले. प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिन या विकराने हिमोग्लोबिनचे सुमारे तीस तुकडे करून त्यांनी ते ओल्या कागदावर एका दिशेने विद्युतप्रवाहाने आणि आडव्या दिशेने द्रावकाने पसरवले. कागदावर उमटलेल्या ठिपक्यांच्या नक्षीत एकच ठिपका जागचा हललेला होता. तो तुकडा सोडवल्यावर ग्लुटामिक आम्ल आणि व्हॅलिन यांची अदलाबदल हाती लागली. जनुकातील बदलाने प्रथिनातले एक अमिनो आम्ल बदलते, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा. वापरलेली साधने आजच्या महाविद्यालयातही सापडतील इतकी साधी होती.

हिवताप आणि वाहक

इतका घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवले की एकच सदोष जनुक असलेल्या वाहकांना फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापाच्या गंभीर रूपापासून संरक्षण मिळते. जिथे हिवताप दाट, तिथे हे जनुक टिकून राहिले. आफ्रिका, अरबस्तान आणि भारत यांच्या नकाशावर दोन्ही खुणा एकमेकींवर पडतात. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर हे डोळ्यांना दिसते.

भारतात या रोगाची नोंद १९५२ मध्ये झाली. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलच्या पेशी आढळल्या. महाराष्ट्रात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, अमरावतीचा मेळघाट आणि नंदुरबार हे जिल्हे प्रमुख आहेत. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही तो आहे. त्याला 'अमक्यांचा रोग' म्हणणे शास्त्राला धरून नाही. तो हिवतापाच्या भूगोलाने पसरला आणि लग्ने जातीतच होत राहिल्याने त्या त्या गटांत साचला.

भारतीय रुग्णांत या जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए आफ्रिकी रुग्णांपेक्षा वेगळा, अरब-भारतीय ठेवणीचा असतो. तो असलेल्यांच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन, म्हणजे गर्भात असताना बनणारे आणि पेशी वाकू न देणारे हिमोग्लोबिन, अधिक राहते. त्यावरून भारतातला सिकल सौम्य असतो, असा समज बरीच वर्षे होता. नागपूरच्या बालरुग्णांच्या अभ्यासांनी तो खोडून काढला. तिथे वारंवार झटके येणारी, रक्त चढवावे लागणारी मुले पुष्कळ आहेत.

तपासणी, लग्न आणि कलंक

शिबिरात आधी विद्राव्यता चाचणी होते. रक्ताचा थेंब रसायनात टाकल्यावर द्रावण गढूळ झाले, तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात पळवण्याची चाचणी) किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी करावी लागते. पहिल्या चाचणीचा कागद हातात घेऊन घरी गेलेले आणि स्वतःला रोगी समजून बसलेले वाहक गावोगाव भेटतात. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. 'चारांतले एक' असा याचा अर्थ लावून पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असे मानणे चूक आहे.

वाहक ओळखण्याचा उत्साह किती भलतीकडे जाऊ शकतो, याचे उदाहरण खुद्द पॉलिंग आहेत. वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे ते एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत, असे त्यांनी १९६८ मध्ये लिहिले होते. अमेरिकेत पुढे निरोगी वाहकांनाही विमा आणि नोकरी मिळवताना अडचणी आल्या. आपल्याकडे जुळलेले लग्न मोडण्याचे भय एवढे असते की अहवाल मुलीकडच्यांनी लपवणे ही सामान्य गोष्ट झाली आहे. दोष दोन्हीकडून यावा लागतो, हे मुलाकडच्यांना सांगायचे मात्र राहून जाते. कायद्याच्या बाजूने एक सुधारणा झाली : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल रोगाचा समावेश आहे.

उपचारांची आडवाट

औषधाकडे नेणारा धागा रसायनशाळेत नव्हे, नवजात बाळांच्या वॉर्डात सापडला. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले की सिकल असलेल्या नवजातांच्या रक्तात वाकलेल्या पेशी फारच थोड्या असतात. गर्भात बाळाच्या रक्तात बीटाऐवजी गॅमा साखळीचे हिमोग्लोबिन असते आणि ते तंतूंच्या लडीत नीट बसत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरते आणि रोग डोके वर काढतो. तेव्हा बीटा दुरुस्त करता येत नसेल, तर गॅमा पुन्हा जागी करता येईल का, हा प्रश्न पुढे आला.

हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कर्करोगात वापरले जाणारे औषध गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर केलेली त्याची चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. आज भारतातील उपचारांचा कणा हेच स्वस्त औषध आहे.

गॅमा साखळीचे उत्पादन जन्मानंतर बंद कोण करते, हे २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवले : बीसीएल-११-ए हे प्रथिन. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींत या प्रथिनाचे उत्पादन चालू ठेवणारा जनुकातला खटका क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने तोडून टाकणारी 'कॅसगेव्ही' ही उपचारपद्धती ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मंजूर केली. चाचणीत पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र झटका आला नाही. अमेरिकेतली तिची किंमत २२ लाख डॉलर. मूळचे चुकलेले अक्षर मात्र या रुग्णांच्या जनुकात तसेच राहते. ते अक्षरच बदलू पाहणारी बेस एडिटिंगची वाट उंदरांवरील प्रयोगांत यशस्वी झाली आहे. तीही ग्लुटामिक आम्ल परत आणत नाही, तर व्हॅलिनच्या जागी निरुपद्रवी अ‍ॅलनिन बसवते.

भारताने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ही मुदत तिने ठरवली आहे. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजीने विकसित केलेला क्रिस्पर उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. मात्र कॅसगेव्हीसारख्या उपचारात रुग्णाची अस्थिमज्जा आधी तीव्र औषधाने रिकामी करावी लागते आणि नंतर कित्येक आठवडे प्रत्यारोपण कक्षात काढावे लागतात.

तोवर गावपातळीवर अडचणी वेगळ्याच आहेत. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सहसा ५०० मिलिग्रॅमची असते, तर बारा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १२० ते २४० मिलिग्रॅम लागते. कॅप्सूल कापता येत नाही. उघडून पुडी करावी, तर मात्रा चुकते.