डायोडचा तोल कसा सापडतो?

‘सर्किटचं सिम्युलेशन म्हणजे कॉम्प्युटरवरचं चित्र, खरं काय ते ब्रेडबोर्डवर, म्हणजे भाग खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर कळतं,’ असं प्रॅक्टिकलला दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. ते चित्र नाही, गणित आहे, आणि फार देखणं गणित आहे.

५ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) एकसर जोडा. डायोडवर किती व्होल्ट? रेझिस्टरला ओहमचा नियम पुरतो. डायोडचा प्रवाह मात्र घातांकी: व्होल्टेज जेमतेम ६० मिलिव्होल्टने वाढलं की प्रवाह दसपट. दोन्ही समीकरणं एकत्र आली की शाळेतल्या बीजगणिताने सुटत नाहीत. मग सिम्युलेटर अंदाज धरतो, समजा ०.७ व्होल्ट. तेव्हा रेझिस्टरमधून ४.३ मिलिअँपिअर येतात, आणि मी घेतलेल्या डायोडमधून त्याच व्होल्टेजला ५.८ जायला हवेत. किरचॉफच्या नियमाने दोन भाग जिथे मिळतात त्या जोडावर जेवढा प्रवाह आला तेवढाच बाहेर पडला पाहिजे, म्हणजे अंदाज चुकला. आता डायोडच्या वक्राला त्या बिंदूपाशी स्पर्शिका काढायची. स्पर्शिका सरळ रेषा, त्यामुळे तेवढ्यापुरता डायोडही रेझिस्टरसारखा सरळ वागतो आणि नवं उत्तर मिळतं: ०.६९३४. तिथे पुन्हा स्पर्शिका: ०.६९२५. हिशेब जुळला! ही न्यूटन-रॅफसन पद्धत. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी १९७० च्या दशकात घडवलेला ‘स्पाइस’ हा सिम्युलेटर असंख्य जोडांवर, काळाच्या प्रत्येक बारीक टप्प्याला हेच करतो. चिप बनवणाऱ्यांना दुसरा मार्गच नव्हता, कारण सिलिकॉनवरचा ट्रान्झिस्टर उपटून बदलता येत नाही.

आपल्याला त्याचा उपयोग असा, की रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे झाला तर काय, हे एकही भाग न जाळता शंभर वेळा बघता येतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं ‘ईसिम’ हे सर्किट सिम्युलेटर त्यासाठी फुकट मिळतं. बाजारातला एखादा दावाही त्यात तपासता येतो. ‘वीजबिल निम्मं’ म्हणून विकतात त्या प्लगात खोचायच्या डबीत बहुधा एक कपॅसिटर असतो. सिम्युलेटरमध्ये तो मोटरला समांतर जोडून बघा. तारेतला प्रवाह घटतो, मोटर खाते ते वॅट तेवढेच राहतात, आणि घरचा मीटर युनिटं मोजतो ती वॅटांचीच. ही शुद्ध फसवणूक आहे, पैसे घालवू नका.

सिम्युलेटर अडतो तेही त्याच्या काटेकोरपणामुळे. दोन एलईडी आळीपाळीने लुकलुकवणारं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट त्यात कित्येकदा सुरूच होत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच चालू होऊन बसतात. ब्रेडबोर्डवर दोन ट्रान्झिस्टर असे जुळे कधीच नसतात, स्विच दाबताच एक जण पुढे सरसावतो. मुलांना मी एका कपॅसिटरवर सुरुवातीचं थोडं व्होल्टेज लिहायला सांगतो. मग पडद्यावर चौकोनी लाटा उमटायला लागतात.