सावित्रीचा दगड, वाशीचं पोलाद

महाडजवळ सावित्रीवरचा दगडी पूल १९२८चा. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३चा, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी तरुण. आधी थकला तो वाशीचा. त्याच्या केबल गंजल्या, बाहेरून जादा केबल ताणून त्याला आधार द्यावा लागला आणि १९९७मध्ये शेजारी दुसरा पूल आला.

काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. म्हणून गर्डरमधल्या, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळईतल्या, नळ्यांतून पोलादी केबल ओवतात, जॅकने ताणतात आणि टोकांना अडकवतात. पुस्तकांची आडवी रांग दोन्ही हातांनी दाबून उचलावी, तसा गर्डर दाबलेला राहतो. मग नळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरतात. ते कुठे पोकळ राहिलं की खाडीच्या खाऱ्या हवेचं फावतं. एरवी काँक्रीटमधल्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा पातळ थर टिकून असतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो फोडतं. साधी सळई गंजली तर निदान फुगते, काँक्रीटला तडे जातात, तपकिरी ओघळ दिसतात. ताणलेल्या केबलच्या तारा मात्र नळीच्या आत एकेक करून तुटतात आणि बाहेरून गर्डर ठणठणीत दिसतो.

सावित्रीच्या दगडी कमानींना ही भीती नव्हती. अशा पुलाचा वैरी पाण्याखाली असतो. पुरात पाणी खांबावर आपटून खाली वळतं, पायथ्याशी भोवरा होतो आणि तळाची वाळू-माती उपसली जाते. गंमत पुढे आहे: पूर ओसरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ येऊन बसतो. उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या माणसाला तळ भरलेला दिसतो, पण तो भार पेलणारा तळ नसतो.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महापुरात सावित्रीवरचा तो पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या वाहून गेल्या. मुंबईतला कुठला चाकरमानी ती रात्र विसरेल? पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला, त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण मला विचाराल तर तेवढीच घाई तपासणीतही हवी. पावसाळा सरताच पाणबुड्याने गाळात सळई खुपसून खड्ड्याची खोली मोजायला हवी.

पूल बदलायचा तरी महामार्ग बंद ठेवता येत नाही, म्हणून नवा पूल बहुधा जुन्याला खेटूनच बांधतात. वाशीचा तिसराही तसाच. नदीत मात्र जुन्या खांबांचं काय करायचं, हे नवा पाया आखतानाच ठरवावं लागतं. ते तसेच पाण्यात उभे राहिले, तर त्यांच्यामुळे वळलेला प्रवाह नव्या खांबांचा पायथा खणू शकतो.