गिटार आली कुठून? गाणाऱ्या काऊबॉयची पार्श्वभूमी

६ जुलै १९९८ रोजी रॉय रॉजर्स गेला आणि तीन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबरला, जीन ऑट्री. दोघंही गाणारे काऊबॉय. पांढरी हॅट, नक्षीचा शर्ट, हुशार घोडा, आणि गुंडांची धुलाई संपते न संपते तोच हातात गिटार. शनिवारी दुपारी थिएटरात बसून त्यांचे सिनेमे पाहत वाढलेल्या अमेरिकनांनी दोघांना निरोप दिला तो 'जुन्या पश्चिमे'चे, म्हणजे काऊबॉयांच्या काळातल्या पश्चिम अमेरिकेचे, शेवटचे शिलेदार म्हणून. पण रॉजर्सचं खरं नाव लेनर्ड स्लाय आणि जन्म ओहायोतल्या सिनसिनाटी शहरातला. ऑट्री टेक्सासमध्ये जन्मला खरा, पण गाण्यात येण्याआधी त्याचं पोट चालत होतं ते रेल्वेत तारमास्तर म्हणून.

लोक ज्याच्या आठवणीने हळवे होतात ती जुनी पश्चिम म्हणजे मुख्यतः १९३५ ते १९५५ या काळातला सिनेमा, रेडिओ आणि तबकड्या. गंमत म्हणजे तो सिनेमाही त्याच्या आधीच्या काळासाठी झुरतच होता.

खऱ्या काऊबॉयचा जमाना फार थोडा चालला. अमेरिकन यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा टेक्सासात जनावरं मुबलक होती आणि उत्तरेकडच्या शहरांत मांसाला भाव होता. मध्ये शेकडो मैलांचं माळरान. दोन-अडीच हजार जनावरांचा कळप आणि दहा-बारा माणसं, असा तांडा कॅन्ससमधल्या ॲबिलीन, डॉज सिटी अशा रेल्वेच्या गावांपर्यंत हाकत न्यायचा. त्याला महिने लागत, आणि पगार महिना तीस-चाळीस डॉलरच्या आसपास. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट झालं, कुंपणं पडू लागली, रेल्वे टेक्सासात पोहोचली, आणि १८८६-८७च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर जनावरं थंडीने अक्षरशः पटापट मेली. वीस वर्षांत खेळ आटोपला.

त्या वीस वर्षांत गाणं होतं, आणि ते कामाचं होतं. रात्री कळप बसला की दोन स्वार त्याच्याभोवती एकमेकांच्या उलट दिशेने संथ फेऱ्या मारत. अंधारात काडी मोडल्याचा आवाज झाला तरी जनावरं बुजून उधळायची. म्हणून स्वार सतत काहीतरी गुणगुणत राही: माणूस कुठे आहे हे जनावरांना कळावं आणि दुसरा आवाज अंगावर येऊ नये. गाणी बहुतेक चर्चमधली, नाहीतर आईकडून ऐकलेली आयरिश-स्कॉटिश कथागीतं, आणि पुष्कळशी चारचौघांत म्हणता न येण्यासारखी. गिटारचा इथे संबंध नाही. चालत्या घोड्यावर लगाम सांभाळून गिटार कोण वाजवणार?

ही गाणी कागदावर आली तेव्हा ते जग संपून गेलेलं होतं. जॅक थॉर्पने १९०८ मध्ये न्यू मेक्सिकोतून एक छोटं पुस्तक काढलं. १९१० मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह आला, थिओडोर रूझवेल्टच्या प्रस्तावनेसह. लोमॅक्सने अश्लील कडवी गाळली आणि वेगवेगळ्या पाठांतली कडवी जुळवून एकेक गाणं नीटनेटकं केलं. आज 'अस्सल' म्हणून गायली जाणारी अनेक गाणी त्याच्या हाताखालून गेलेली आहेत.

'होम ऑन द रेंज'चा किस्सा या संदर्भात फार बोलका आहे. लोमॅक्सने ते टेक्सासातल्या सॅन अँटोनियो इथे एका कृष्णवर्णीय गुत्तेवाल्याकडून उतरवून घेतलं. १९३०च्या दशकात ते रेडिओवर इतकं गाजलं की १९३४ मध्ये ॲरिझोनातल्या एका दांपत्याने 'गाणं आमचं' म्हणून पाच लाख डॉलरचा दावा ठोकला. संगीत प्रकाशकांनी एका वकिलाला शोधाला धाडलं. तो गावोगाव म्हाताऱ्या गुराख्यांना भेटत कॅन्ससमधल्या स्मिथ काउंटीत पोहोचला. मूळ कविता १८७०च्या दशकात तिथे राहणाऱ्या ब्रूस्टर हिगली नावाच्या डॉक्टरची निघाली आणि चाल डॅनियल केली या त्याच्या परिचिताची. काऊबॉयांचं राष्ट्रगीत म्हणावं असं गाणं, आणि ते लिहिणारा घोड्यावरून जनावरं हाकणारा नव्हताच. दावा अर्थातच बारगळला.

त्याआधीच तबकड्यांचं युग आलं होतं. कार्ल स्प्रेगने १९२५ मध्ये एक काऊबॉय कथागीत रेकॉर्ड केलं आणि ते चांगलं खपलं. १९२७ मध्ये मिसिसिपीचा जिमी रॉजर्स आला. हाही रेल्वेचाच माणूस. त्याने ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्याला योडलिंगची जोड दिली, म्हणजे आवाज छातीतून एका झटक्यात वरच्या कोवळ्या पट्टीत न्यायचा आणि परत आणायचा. काऊबॉयच्या गळ्यात योडल पडली ती त्याच्यापासून. ही लाट फार लांब गेली. न्यूझीलंडचा टेक्स मॉर्टन तिकडे ऑस्ट्रेलियात गाणारा काऊबॉय म्हणून प्रसिद्ध झाला. किशोरकुमारची योडलिंग आपल्या कानांत इतकी मुरलेली आहे की ती बाहेरून आली हे विसरायला होतं. त्याने ती जिमी रॉजर्स आणि याच टेक्स मॉर्टनच्या तबकड्या ऐकून उचलली असं सांगितलं जातं. खांडव्याचा माणूस मुंबईच्या स्टुडिओत मिसिसिपीच्या रेल्वेवाल्याची लकब घेऊन गात होता.

सिनेमा बोलू लागल्यावर केन मेनार्डने १९२९ मध्येच पडद्यावर गाऊन पाहिलं, पण गळा बेताचा. १९३३ मध्ये तर जॉन वेनलाही 'सिंगिंग सँडी' बनवण्यात आलं. आवाज दुसऱ्याचा, ओठ त्याचे, आणि चेहऱ्यावर अवघडलेपण स्पष्ट. हे जमलं ते ऑट्रीला. तो शिकागोच्या डब्ल्यूएलएस या रेडिओ केंद्रावरच्या 'नॅशनल बार्न डान्स' या कार्यक्रमात गायचा, त्याच्या तबकड्या खपत होत्या आणि टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्याच्या नावाची गिटार मिळत होती. म्हणजे सिनेमात येण्याआधीच तो खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचलेला होता.

१९३५ची त्याची 'द फँटम एम्पायर' ही बारा भागांची मालिका एकदा तरी पाहावी. कुरणाखाली जमिनीच्या पोटात मुरेनिया नावाचं प्रगत नगर आहे, तिथे राणी आहे, यंत्रमानव आहेत, किरणांची हत्यारं आहेत. ऑट्री तिथे अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. पण जिवावर बेतलेलं असतानाही त्याची खरी काळजी वेगळीच: ठरल्या वेळी वर येऊन रेडिओवर गाणं म्हणायचं आहे, नाहीतर कार्यक्रमाचा करार जाईल आणि रँचही. कथा खुळचट आहे, यात वाद नाही. पण गाणारा काऊबॉय म्हणजे काय, हे याच्याइतकं प्रामाणिकपणे कुठेच सांगितलेलं नाही. गाणं हाच त्याचा धंदा होता आणि कुरण त्या धंद्यावर चालत होतं.

त्याच वर्षी रिपब्लिक पिक्चर्स ही कंपनी उभी राहिली आणि ऑट्रीचे तासाभराचे सिनेमे कारखान्यातून निघावेत तसे निघू लागले. गाण्यांमागचा हिशेब सरळ होता. घोड्यांचे पाठलाग, कोसळणाऱ्या गाड्या, स्टंटवाले यांना पैसा लागतो. एक माणूस, एक गिटार आणि एक कुंपण यांवर तीन मिनिटं फुकटात भरतात. १९३४पासून सेन्सॉरचे नियमही कडक झाले होते, तेव्हा रक्तपातापेक्षा गाणं बरं. शिवाय सिनेमामुळे तबकडी खपे, तबकडीमुळे रेडिओ, रेडिओमुळे सिनेमा. १९४० मध्ये सुरू झालेला ऑट्रीचा 'मेलडी रँच' हा रेडिओ कार्यक्रम च्युइंगमवाल्या रिगलीच्या पैशावर सोळा वर्षं चालला.

हिशेबापलीकडेही एक गोष्ट होती. मंदीचे दिवस होते. ऑट्रीचे सिनेमे घडत ते बहुतेक त्याच काळात: रस्त्यावर मोटारी, घरात रेडिओ, आणि खलनायक म्हणजे धरणाचं पाणी अडवणारा नाहीतर शेतकऱ्याची जमीन लाटणारा शहरी शेठ. 'अंडर वेस्टर्न स्टार्स' (१९३८) मध्ये नायक चक्क अमेरिकेच्या संसदेवर निवडून जातो आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या मुलखासाठी पाणी मागतो. त्यातलं 'डस्ट' हे गाणं उडत्या मातीच्या, ओस पडलेल्या शेतांच्या दृश्यांवर येतं. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेलं हे गाणं ऐकल्यावर या सिनेमांना नुसती पोरांची करमणूक म्हणणं मला जड जातं. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या तीच माणसं समोर खुर्च्यांवर बसलेली होती.

तो नायक होता रॉय रॉजर्स, आणि ती भूमिका त्याला मिळाली ऑट्रीच्या संपामुळे. आपले सिनेमे हवे असतील तर कंपनीचे बाकीचेही घ्या अशी सक्ती थिएटरवाल्यांवर होते आणि आपल्याला पैसेही कमी मिळतात, म्हणून ऑट्री काम सोडून निघून गेला होता. तो काही महिन्यांत परतला. पण १९४२ मध्ये तो सैन्यात दाखल झाला, ती शपथही रेडिओवर घेऊन, आणि मैदान रॉजर्सला मोकळं मिळालं. मग कंपनीचा प्रमुख हर्बर्ट येट्सने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'ओक्लाहोमा!' हे संगीत नाटक पाहिलं आणि रॉजर्सचे सिनेमे आणखी झगमगीत झाले. गुराख्याच्या अंगावर झालरी आणि चमचमते खडे. त्यातले पुष्कळ कपडे शिवले ते युक्रेनमधून आलेल्या न्यूडी कोन या शिंप्याने.

गाण्यांच्या दृष्टीने मात्र मी या सगळ्यांच्या वर बॉब नोलनला ठेवतो. मूळचा कॅनडातल्या विनिपेगचा, लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ क्लबवर कॅडी. रॉजर्स आणि टिम स्पेन्सरबरोबर त्याने 'सन्स ऑफ द पायोनियर्स' हा संच उभा केला. 'टंबलिंग टंबलवीड्स' आणि 'कूल वॉटर' ही त्याची गाणी. दुसऱ्यात वाळवंटात तहानलेला माणूस, त्याचा घोडा आणि पाण्याचा भास; तीन आवाज एकमेकांत असे मिसळतात की भास ऐकू येतो. कळपाभोवती फेऱ्या मारणाऱ्या गुराख्याचं एकटेपण या शहरी माणसाने जितकं पकडलं तितकं लोमॅक्सच्या संग्रहातही क्वचित सापडतं.

पडद्यावरच्या या जगात बरीच माणसं गाळली गेली होती. खऱ्या कळपांबरोबर साधारण चारातला एक स्वार कृष्णवर्णीय असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे, मेक्सिकन तर मुळातले गुराखी; त्यांच्या 'व्हाकेरो' परंपरेतूनच दोर, खोगीर आणि निम्मी भाषा आली. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी १९३७पासून हर्ब जेफ्रिसने गाणाऱ्या काऊबॉयचे मोजके सिनेमे केले, तेही वेगळ्या थिएटरांसाठी. बायकांपैकी पॅट्सी मोंटानाने १९३५ मध्ये काऊबॉयची प्रेयसी होण्याची हौस योडलसकट गायली आणि ती तबकडी तुफान खपली. पण गाण्यातली ती बाई घरात वाट पाहत बसत नाही, तिलाही घोड्यावर रपेट हवी आहे.

युद्धानंतर निर्मितीचा खर्च वाढला, टीव्ही आला, ऑट्री आणि रॉजर्स दोघंही टीव्हीवर गेले. १९५४ मध्ये रेक्स ॲलनचा शेवटचा गाणारा सिनेमा निघाला आणि तो प्रकार मोठ्या पडद्यावरून उतरला.

तोवर गाण्याने दुसरी वाट धरली होती. १९५२च्या 'हाय नून' मध्ये नायक गॅरी कूपर एक ओळही गात नाही. गातो तो पडद्यावर न दिसणारा टेक्स रिटर, जो स्वतः पूर्वी पडद्यावरचा गाणारा काऊबॉय होता. संगीत दिमित्री टिऑमकिनचं, हाही युक्रेनमध्ये जन्मलेला. शब्द नेड वॉशिंग्टनचे. ठेका संथ, जवळजवळ घोड्याच्या चालीचा. तेच गाणं सिनेमाभर तुकड्यातुकड्याने परत येतं आणि घड्याळाचा काटा बाराकडे सरकत जातो. शाहीर बाजूला उभा राहून लढाई सांगतो तसं काहीसं. गाणं नायकाच्या तोंडून निघालं आणि त्याच्या मनात गेलं: बायकोने सोडून जाऊ नये ही विनवणी, जी तो स्वतः मोठ्याने कधीच करणार नाही.

त्या गाण्याला ऑस्कर मिळालं, फ्रँकी लेनने गायलेली तबकडी रिटरच्याही पुढे गेली, आणि मग प्रत्येक वेस्टर्नला, म्हणजे काऊबॉयपटाला, शीर्षकगीत हवं झालं. १९५७ मध्ये 'गनफाइट ॲट द ओ.के. कोरल' आणि '३:१० टू युमा' दोन्हींसाठी लेननेच गायलं. १९७४ मध्ये मेल ब्रुक्सने वेस्टर्नची टर उडवणारा 'ब्लेझिंग सॅडल्स' केला, तेव्हाही शीर्षकगीत लेननेच गायलं, आणि अगदी मन लावून.

शेवटची पायरी म्हणजे सिनेमाशिवायचं सिनेमागीत. ॲरिझोनात वाढलेला मार्टी रॉबिन्स लहानपणी ऑट्रीचा निस्सीम भक्त होता. १९५९ मध्ये त्याने बंदूकबाजांच्या कथागीतांचा आख्खा अल्बम काढला. त्यातलं 'एल पासो' साडेचार मिनिटांहून लांब. रेडिओवर तेव्हा याच्या निम्म्या लांबीची गाणी चालत. प्रेम, मत्सर, खून, पळ, परतणं आणि मरण, सगळं त्यात येतं आणि सांगणारा स्वतःचंच मरण सांगतो. स्पॅनिश वळणाची गिटार मागून वाजत राहते. १९६०च्या सुरुवातीला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

नंतरची मंडळी हे सगळं उघड्या डोळ्यांनी करतात. नॅशव्हिलचा 'रायडर्स इन द स्काय' हा संच १९७७पासून झालरी लावून, विनोद करत, पण सूर अजिबात न सोडता गातो; 'टॉय स्टोरी २' या ॲनिमेशनपटात वूडी या खेळण्यातल्या काऊबॉयचा जुना टीव्ही कार्यक्रम आहे, त्याचं गाणं त्यांचंच. १९८५पासून नेवाडातल्या एल्को गावी खरोखर जनावरं राखणारे लोक जमून कविता म्हणतात, आणि तिथे स्टुडिओतली गाणी व कुरणावरची गाणी यांत कुणी फारसा भेद करत नाही. रॉबिन्सच्या त्याच अल्बममधलं 'बिग आयर्न' २०१० मध्ये 'फॉलआउट: न्यू व्हेगास' या व्हिडिओगेममधल्या रेडिओवर वाजू लागलं. खेळात अणुयुद्धानंतरचं ओसाड वाळवंट आहे, आणि ते गाणं आज पाठ असलेल्या कितीतरी पोरांनी ऑट्रीचा एकही सिनेमा पाहिलेला नाही.