हायड्रोजेल आणि नॅनोवाहकांद्वारे औषधवितरण (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

पोटात किंवा शिरेत गेलेले औषध एकदम मोकळे न होता ठरावीक वेगाने, आणि जमल्यास हव्या त्या जागीच सुटावे, यासाठी त्याला जेलच्या जाळ्यात किंवा अतिसूक्ष्म पिशव्यांत बांधून देण्याची पद्धत. प्रयोगशाळेतली नवलाई म्हणून तिच्याबद्दल बोलले जाते. पण विदर्भातल्या खेड्यांत ती केव्हाच पोचली आहे, मधुमेहाच्या ‘एसआर’ (सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध सावकाश सोडणाऱ्या) गोळीच्या रूपाने. आपण रोज हायड्रोजेल गिळतो हे गोळी घेणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

हायड्रोजेल म्हणजे पाणी शोषून फुगणारे, पण पाण्यात न विरघळणारे लांब रेणूंचे जाळे. सब्जा भिजवला की दाण्याभोवती जी पारदर्शक गादी धरते, जवस भिजत घातला की जो बुळबुळीतपणा सुटतो, तो याच जातीचा. कांडोळाच्या पांढऱ्या खोडातून निघणारा डिंक, म्हणजे बाजारातला कराया गोंद, पाण्यात फारसा विरघळत नाही, नुसता फुगतो. लाडवातला धावड्याचा डिंक मात्र पाण्यात बराचसा मिसळून जातो. फुगण्याच्या गुणामुळेच कराया दातांची कवळी घट्ट बसवणाऱ्या पावडरीत गेला, आणि औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्यांसाठीही तपासला गेला. वावरात ओल टिकावी म्हणून मातीत मिसळतात ते ‘पुसा हायड्रोजेल’ही याच तत्त्वावर चालते, औषधाशी त्याचा संबंध नाही.

वैद्यकीय उपयोगासाठी मुद्दाम बनवलेल्या हायड्रोजेलची सुरुवात १९६० मध्ये ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम या चेक शास्त्रज्ञांच्या कामापासून धरतात. त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. लेन्स ओतण्याचे पहिले यंत्र विख्टर्लेने १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो लावून उभे केले. असा जुगाड आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानातही सहज खपून जाईल.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन एसआरच्या बहुतेक गोळ्यांत औषधाबरोबर हायप्रोमेलोज नावाचे सेल्युलोजपासून केलेले द्रव्य दाबून भरलेले असते. ते लाकडाच्या लगद्यापासून करतात, तसेच लिंटरपासूनही. लिंटर म्हणजे जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहिलेला आखूड तंतू. म्हणजे पऱ्हाटीचा एक अंश फिरून गोळीत येऊ शकतो. गोळी जठरात भिजते तेव्हा आधी तिचा बाहेरचा थर फुगून जेल होतो आणि आतला भाग कोरडाच राहतो. औषध त्या जेलमधून पाझरत बाहेर येते. वरचा थर झिजतो, ओल आत सरकते, नवा थर जेल होतो. साध्या मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण दोन-तीन तासांत टोकाला जाते, एसआरचे साधारण सात तासांनी. म्हणून ही गोळी बहुधा रात्रीच्या जेवणासोबत एकदाच घ्यायची असते.

घोटाळा होतो तो पुढे. औषध निघून गेले तरी फुगलेले जाळे काही वेळा तसेच शौचावाटे बाहेर पडते. मऊ, फिकट, गोळीच्याच आकाराचे. “आशाताई, थे गोळी पोटात इरघळतच नाही जी,” ही तक्रार त्यामुळे उद्भवते. तक्रार करणाऱ्याचे डोळे खोटे नसतात, पण जे दिसते ते रिकामे खोके असते. मग कोणी गोळी खलबत्त्यात कुटून घेतो, कोणी मोठी वाटते म्हणून चावून खातो. कुटली की जाळेच मोडते आणि दिवसभराचे औषध एकदम सुटते. मळमळ, जुलाब वाढतात, आणि दोष गोळीवर जातो. गोळीवर रेघ असली तरी ती डॉक्टरांना विचारूनच अर्धी करावी. चिठ्ठीवर ‘एसआर’ ही दोन अक्षरे लिहिण्यापेक्षा ‘फोडू नका, कुटू नका’ हे तोंडाने सांगणे जास्त उपयोगाचे.

सावकाश सुटणारे प्रत्येक औषध जेलमध्येच असते असे नाही. कुटुंबनियोजनाची ‘अंतरा’, गावातली ‘तीन महिन्यांची सुई’, स्नायूत टोचलेल्या बारीक स्फटिकांच्या हळूहळू विरघळण्यावर चालते.

नॅनोवाहक, म्हणजे औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, हे दुसरे कुळ. त्यातले सर्वांत जुने लायपोसोम: पेशीच्या आवरणात असतात तशाच स्निग्ध रेणूंची पोकळ पिशवी. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी तिचे वर्णन केले. औषधी लायपोसोम साधारण शंभर नॅनोमीटरचा असतो. कापसाच्या एका तंतूच्या जाडीत असे शे-दीडशे लायपोसोम ओळीने मावतील. अमेरिकेत मान्यता मिळालेले या प्रकारातले पहिले औषध म्हणजे कर्करोगावरचे डॉक्सिल, १९९५ मध्ये.

विदर्भाला लायपोसोम हा शब्द कळला तो २०२१ च्या उन्हाळ्यात, म्युकरमायकोसिसमुळे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजारामुळे. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचे जुने औषध मूत्रपिंडांना जाचते. लायपोसोममध्ये भरले की तो त्रास बराच कमी होतो आणि मात्रा वाढवता येते. पण ही मात्रा किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम आणि एका कुपीत ५० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, तेही काही आठवडे. गावाकडून नागपूरला आणलेल्या रुग्णाचे नातेवाईक तेव्हा चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. मेअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने अँफोटेरिसिन-बीच्या इमल्शनचे उत्पादन सुरू केले. तेही स्निग्ध वाहकच, मात्र लायपोसोम नव्हे.

नॅनोवाहक थेट कर्करोगाच्या गाठीवर जाऊन आदळतात, ही बातम्यांतली भाषा सैल आहे. शिरेतून दिलेल्या कणांपैकी बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. २०१६ मध्ये दहा वर्षांच्या प्राणिप्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचा मध्यक (ओळीने मांडलेल्या आकड्यांतला मधला) अवघा ०.७ टक्के निघाला. वाहकांचा आजवरचा खरा फायदा औषधाचा जाच कमी करण्यात जास्त दिसला आहे. सिकलसेलसारख्या, गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आजारात तर अजून हायड्रॉक्सियुरिया हे रोजचे साधे औषधच चालते.

दोन्ही कुळे एकत्रही आणतात. जेलच्या जाळीची भोके लहान रेणूंसाठी फार मोठी असल्याने औषध सुरुवातीलाच भसकन निसटते. ते आधी नॅनोकणांत भरून मग कण जेलमध्ये अडकवले की गळती आवरते. टोचताना पातळ आणि अंगाच्या उष्णतेने घट्ट होणारे जेल यासाठी सोयीचे.

इथे विदर्भाचे ऊन आडवे येते. नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेले होते; पंखा बंद पडलेल्या आरोग्य उपकेंद्राची खोली मे महिन्यात अंगापेक्षा गरम असते. अंगात घट्ट व्हायचे जेल तिथे सुईत भरण्याआधी बाटलीतच घट्ट होईल. पोलोक्सामर जातीचे असेल तर फ्रिजमध्ये ठेवल्यावर ते पुन्हा पातळ होते. लायपोसोमचे तसे नाही. बर्फाला चिकटून कुपी एकदा गोठली की पिशव्या फुटतात, आणि वितळल्यावर ते औषध वापरायचे नसते.