हेपा आणि ‘हेपा टाइप’: ॲलर्जीच्या घरात कुठला व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा?

घरात कुणाला धुळीची ॲलर्जी आहे म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला तुम्ही बेळगावात खडे बाजारला जा नाहीतर टिळकवाडीत, दुकानदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “मावशी, हेपा हाय की ह्यात, बिनघोर घ्या.” खोक्यावरही ‘हेपा’ (HEPA, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर) ठळक छापलेलं दिसतं. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरांत ‘टाइप’ किंवा ‘लाइक’ आहे का, हे सहसा कुणी बघत नाही. हेपा आणि हेपा टाइप या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दम्याचा माणूस घरात असेल तर हा फरक पैसे मोजण्याआधीच कळलेला बरा.

हेपा म्हणजे नुसता चांगला फिल्टर नव्हे, ती मोजून ठरवलेली पात्रता आहे. अमेरिकी व्याख्येप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९९.९७ टक्के कण अडवले, तरच त्या फिल्टरला हेपा म्हणायचं. युरोपात प्रतवारी आहे. एच१३ म्हणजे ९९.९५ टक्के, एच१४ म्हणजे ९९.९९५ टक्के, आणि तेही पकडायला सर्वांत अवघड अशा आकाराच्या कणांवर मोजलेलं. त्याखालचे ई१० (८५ टक्के), ई११ (९५ टक्के) आणि ई१२ (९९.५ टक्के) हे फिल्टर त्या प्रतवारीत हेपा धरले जात नाहीत. ‘हेपा टाइप’ला मात्र अशी कुठलीच ठरलेली पातळी नाही. त्यात ई११च्या तोडीचा फिल्टर असू शकतो, तसाच घड्या घातलेला साधा जाड कागदही असू शकतो.

९५ आणि ९९.९५ ऐकायला जवळजवळ सारखेच वाटतात. पण आत न अडकता बाहेर किती पडलं ते मोजा. दहा हजार कण आत गेले तर ई११ मधून ५०० निसटतात, एच१३ मधून ५. शंभरपट फरक! म्हणून खोक्यावर ‘९९ टक्के धूळ अडवतो’ असं लिहिलेलं असेल तर एकच विचारायचं: केवढ्या आकाराची? आकार सांगितला नसेल तर त्या टक्क्यांना अर्थ नाही, कारण मोठे कण कुठलाही फिल्टर अडवतो.

मोजमाप नेमकं ०.३ मायक्रॉनलाच का, असंही कुणी विचारेल. मोठे कण सरळ येऊन फिल्टरच्या तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण हवेत वेडेवाकडे भरकटत असतात, त्यामुळे तेही कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतात. मधल्या आकाराच्या कणांना यातलं काहीच नीट लागू पडत नाही, तेच सर्वांत जास्त निसटतात. ते अडले म्हणजे त्यांच्यापेक्षा लहान आणि मोठे दोन्ही आणखी चांगले अडतात.

आता आपल्या घरातली धूळ पाहू. आपल्या भागात पावसाळा लांबतो. खानापूर, जांबोटीकडे तर महिनोन्‌महिने वाकळ पुरती सुकत नाही. गादीतले धूळकिडे हवेतल्या दमटपणावरच जगतात, त्यामुळे आपली गादी त्यांना मानवते. शिंका येतात त्या किड्याने नव्हे, मुख्यतः त्याच्या विष्ठेने. तिचा कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचा असतो आणि हलवाहलव केली की उडून थोड्या वेळात खाली बसतो. पाऊस झाला की काँग्रेस गवत फुलतं, त्याचे परागही या मानाने मोठेच. मांजराची ॲलर्जी मात्र वेगळी. तिच्या कणांचा बराच भाग ५ मायक्रॉनहून बारीक असतो आणि तासन्‌तास हवेत तरंगतो. भिंतीवरच्या बुरशीचे बीजाणूही बारीकच. शहापूर-वडगावात मागांची तूस, निपाणीकडे तंबाखूची धूळ, चिकोडीकडे उसाचं पाचट पेटवलं की घरात येणारी काजळी, यांची भर पडते ती निराळीच.

यावरून माझं मत असं. मांजर किंवा ओलीची बुरशी हा त्रास असेल तर एच१३च्या खाली जाऊ नये. त्रास फक्त गादीतल्या धुळीचा असेल तर ई१२वरही भागेल, पण एका अटीवर, आणि ही अट फिल्टरच्या नावाहून मोठी आहे.

ती अट म्हणजे मशीन सगळीकडून बंदिस्त असणं. फिल्टर एच१३ असला तरी त्याच्या कडेला रबराची पट्टी नीट बसलेली नसेल, किंवा धुळीच्या डब्याचं झाकण सैल असेल, तर हवा फिल्टरमधून कशाला जाईल? ती फटीतून सोपी वाट काढते आणि बारीक धूळ सोबत घेऊन जाते. दाराला भक्कम कुलूप आणि शेजारची खिडकी सताड उघडी, असा तो प्रकार. एच१३ असूनही गळणाऱ्या मशीनपेक्षा सगळीकडून बंदिस्त असलेलं ई१२ मशीन ॲलर्जीच्या घरात जास्त कामाचं. माहितीपत्रकात ‘सील्ड सिस्टीम’ असा उल्लेख शोधा आणि एच१३ ही प्रत फिल्टरची आहे की पूर्ण मशीनची, ते स्पष्ट विचारून घ्या.

दुकानात तपासताही येतं. मशीन सुरू करायला लावा आणि डब्याच्या सांध्यावरून तळहात हळू फिरवा. हवा फक्त मागच्या जाळीतून लागली पाहिजे. सांध्यातून बारीकशी झुळूक आली तर ते मशीन नको. घरी आणल्यावर रात्री दिवे मालवून, थोडं पीठ फरशीवर टाकून ओढून पाहा आणि बाहेर पडणाऱ्या हवेत आडवी टॉर्च धरा. उजेडाच्या झोतात ढग उठला तर मशीन लगेच परत करायला न्या.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. १६०० वॅट म्हणजे ते वीज किती खातं एवढंच. ब्लोअर असलेली पिंपासारखी ओली-सुकी मशीन उद्यमबागेतल्या वर्कशॉपला छान, पण स्पंजचा नाहीतर कापडाचा फिल्टर लावून घरात ओढलं तर गादीतली धूळ नाकापर्यंत आणून सोडतं.

पिशवीचं घ्यावं की डब्याचं? ॲलर्जीवाल्यांनी पिशवीचं घ्यावं. पिशवीचं तोंड बंद करून ती तशीच कचऱ्यात जाते. डबा झटकताना पकडलेली धूळ पुन्हा तोंडावर उडते. डब्याचंच घेतलं असेल तर तो घरातल्या दुसऱ्या कुणी, अंगणात, मास्क लावून रिकामा करावा.

फिल्टर धुवायचा की नाही, हे मशीनच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. बरेच हेपा फिल्टर पाणी लागलं की निकामी होतात. धुता येणारा असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे तो दिवसभरात सुकेल याची खात्री नाही. ओलसर फिल्टर बसवला तर त्यातच बुरशी धरते आणि मग मशीन तीच घरभर फुंकत राहतं. पावसाळ्यासाठी एक जादा फिल्टर घरात असावा.

मशीन कितीही चांगलं असलं तरी जिवंत धूळकिडे धाग्यांना घट्ट धरून बसतात, ते सगळे ओढले जात नाहीत. चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले तर किडे मरतात. फरशीला ओलं पोतेरंच उत्तम, केरसुणी मात्र धूळ उडवते. व्हॅक्यूमचं खरं काम गादी, सोफा, पडदे आणि जमखान्यावर. तिथे तोंड सावकाश ओढायचं, आणि ॲलर्जीवाल्या माणसाने तेवढा वेळ व नंतरची वीसेक मिनिटं दुसऱ्या खोलीत थांबायचं.

पैसे देण्याआधी दुकानदाराला आणखी एक विचारा: याच मॉडेलचा फिल्टर आणि पिशव्या बेळगावात मिळतात का, आणि केवढ्याला? कंपनीचा फिल्टर मिळाला नाही की लोक मापाला जवळपास बसणारा दुसराच लावतात, आणि हवेला पुन्हा फट मिळते.