टेबलावरचा स्प्रे ड्रायर आणि गोव्याची हवा

द्रवाचा फवारा गरम हवेत सोडायचा आणि खाली कोरडी भुकटी गोळा करायची, या कल्पनेचे अमेरिकी पेटंट सॅम्युअल पर्सी यांनी १८७२ मध्ये घेतले. पुढे दूध भुकटीने तिला बाजार मिळवून दिला. १९३३ मध्ये कोपनहेगनला नीरो ही कंपनी निघाली. कारखान्यातली ही यंत्रे मात्र मजलेच्या मजले उंच. ब्यूखीसारख्या स्विस कंपनीने काचेचा, टेबलावर मावणारा ड्रायर आणल्यावर पाव लिटर द्रावणातही चाचणी होऊ लागली.

औषधनिर्मितीला हेच हवे होते. नवा रेणू हाती येतो तो चार-दोन ग्रॅम, आणि बहुतेकदा पाण्यात विरघळायला तयार नसतो. पॉलिमरबरोबर फवारून झटकन वाळवला, तर त्याला स्फटिक बांधायला सवडच मिळत नाही, आणि स्फटिक नसलेला घन पाण्यात सहज विरघळतो. टेलाप्रेव्हिर (२०११) आणि आयव्हाकॅफ्टर (२०१२) ही औषधे याच वाटेने गोळीत उतरली.

गोव्यात पणजीचे फार्मसी कॉलेज १९६३ पासूनचे. वेर्णा, कुंडईकडे औषध कारखान्यांची गर्दी झाली ती नव्वदच्या दशकातल्या करसवलतींनंतर. इथे प्रोसेस बसवताना हवेचा हिशेब आधी मांडावा लागतो. छोटा ड्रायर तासाला साधारण ३५ घनमीटर, म्हणजे ४० किलो हवा ओढतो. जानेवारीपेक्षा जुलैत किलोमागे सात-आठ ग्रॅम जास्त बाष्प धरले, तर तासाला ३०० ग्रॅम पाणी फुकटचे आत आले. यंत्राची बाष्पीभवनाची कमाल क्षमताच तासाला जेमतेम एक लिटर! (आणि मे महिना कोरडा समजू नये, पाऊस नसला तरी हवेतले बाष्प जवळपास तेवढेच.) कोकमाचा रस फवारा, माल्टोडेक्स्ट्रिन (चिकटपणा कमी करणारी स्टार्चची भुकटी) घालूनही भुकटी सायक्लोनच्या, म्हणजे हवेतून भुकटी वेगळी करणाऱ्या नळकांड्याच्या, काचेला चिकटते, आणि दोष मिळतो रेसिपीला.

आउटलेटचे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचे, तापमान थेट लावता येत नाही. ते इनलेटचे (आत जाणाऱ्या हवेचे) तापमान, द्रावण सोडणाऱ्या पंपाचा वेग आणि ॲस्पिरेटर (हवा ओढणारा पंखा) यांतून निघते. मोठ्या यंत्रावर जाताना न्यायचा तो हाच आकडा, आउटलेटच्या आर्द्रतेसह. कणाचा आकार न्यायचा नाही. छोट्या चेंबरात थेंब सेकंदभरच तरंगतो, म्हणून तो बारीकच ठेवावा लागतो. मोठ्यात जाडा कणही वाळतो. सेंद्रिय द्रावक असेल तर नायट्रोजनचे बंद चक्र लागते आणि बाहेरच्या हवेचा प्रश्न बराचसा मिटतो. पाण्यावरच्या कामाला इनलेटपाशी डीह्युमिडिफायर लावावा, आणि लॉगबुकात खोलीच्या तापमानाशेजारी आर्द्रतेचा रकाना आखावा.