चिवचिवणारा पट्टा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी आधी बॉनेटला हातच लावला नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली, मान तिरकी केली आणि कान दिला. चिव, चिव, चिव. इंजिनाच्या ठेक्यात, न चुकता. रेस वाढवली की चिवचिवाटही जलद.

"महिन्यापूर्वीच दुसरीकडे नवा बेल्ट टाकून घेतलाय," मी म्हणालो. "आठ दिवस गप्प होता, मग परत सुरू."

"नवा टाकलाय न्हवं? मग वरडतंय कोण?"

मग त्यांनी बॉनेट उघडलं, काच पुसायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि फिरत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर, हात लांब ठेवून, पाण्याचा एक फवारा मारला. आवाज बंद. पाच-सहा सेकंद गेले आणि पुन्हा चिव, चिव. "बेल्ट न्हाई, पुली," म्हणत त्यांनी गाडी बंद केली. माझे बेल्टचे पैसे गेले ते गेलेच.

पाण्याच्या एका फवाऱ्यातून एवढं कसं कळतं, हे नीट समजून घ्यायला मला आणखी काही दिवस लागले.

हा पट्टा इंजिनाच्या तोंडाशी असतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या पुलीवरून निघतो, वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टिअरिंगचा पंपही फिरवतो. कधी पोटावर तर कधी पाठीवर वळणं घेत जातो, म्हणून त्याचं कागदोपत्री नाव सर्पंटाईन बेल्ट, म्हणजे नागमोडी पट्टा. गॅरेजात हे नाव कुणी घेत नाही. तिथे तो 'फॅन बेल्ट'च आहे, जरी आजच्या बहुतेक मोटारींत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि बेल्टचा त्याच्याशी काडीचा संबंध उरलेला नाही.

पूर्वी इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन-तीन सुटे पट्टे असत. आतला बदलायचा तर बाहेरचा आधी काढा, प्रत्येकाचा ताण वेगळा लावा. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून सगळं काम एकाच रुंद, फासळ्यांच्या पट्ट्याकडे देण्याची पद्धत रुळली. जागा वाचली, ताण स्प्रिंगवर सोपवता आला. मात्र हा एक पट्टा गेला की सगळंच एकदम जातं.

आमच्याकडच्या गुऱ्हाळावर जाऊन आलेल्यांना यातलं निम्मं विज्ञान आधीच ठाऊक असतं. ऑईल इंजिनापासून चरकापर्यंत गेलेला तो लांबलचक चपटा पट्टा आठवा. त्याची ढिली बाजू मुद्दाम वर ठेवायचे. ती लोंबली की पट्टा चाकाला जास्त वेढतो आणि कमी सटकतो. वेढा वाढला की पकड वाढते, पण ती किती वाढते हे ऐकून पहिल्यांदा खरं वाटत नाही.

म्हैस खांबाला बांधायची आहे. दाव्याचा एक पूर्ण वेढा खांबाला दिला आणि घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचं माप, ०.३ धरला, तर हातातल्या जोराच्या साडेसहा पट ओढ खांब पेलतो. दोन वेढे दिले तर ४३ पट, तीन दिले तर २८० च्या वर. वेढे बेरजेने वाढतात आणि पकड गुणाकाराने. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात हे सूत्रात बांधलं. म्हशीला सूत्र माहीत नसतं, तरी तिसऱ्या वेढ्याला ती ओढायचं सोडते.

गाडीच्या पट्ट्याला तीन वेढे परवडत नाहीत. अल्टरनेटरच्या पुलीवर त्याला जेमतेम अर्धा वेढा मिळतो. चपटा पट्टा असता तर तेवढ्यात अडीच पटच पकड मिळाली असती. म्हणून फासळ्या. पट्ट्याच्या पोटावर लांबीच्या दिशेने पाच-सहा फासळ्या असतात आणि त्या पुलीच्या खाचांत पाचर ठोकावी तशा घुसतात. खाचेचा कोन ४० अंशांचा. पाचरेमुळे घर्षण जणू तिप्पट होतं, आणि ते सूत्रात घातलं की अर्ध्या वेढ्याची अडीच पट पकड थेट पंधरा पटींवर जाते. हे आदर्श गणित आहे, प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, पण एवढीशी पुली एवढा भार कशी ओढते याचं उत्तर त्यात आहे.

आता यातलं दुखणं बघा. फासळीची टोकं पुलीच्या तळाला टेकत नाहीत, सगळी पकड कडांवर असते. रबर झिजलं की पट्टा खाचेत खोल बसतो, आणि एक दिवस तळाला टेकतो. त्या दिवशी पाचर संपते. पट्टा तुटलेला नसतो, दिसायला धडधाकट असतो, पण वागतो चपट्या पट्ट्यासारखा. बेल्ट बनवणारेच सांगतात की जेमतेम पाच टक्के रबर गेलं तरी पकडीवर परिणाम होऊ शकतो.

पाणी शिरलं तरी हेच. ओल्या पट्ट्याचा घर्षणांक ०.३ वरून ०.१ वर उतरला असं धरा. पंधरा पटींची पकड पुन्हा अडीच पटींवर येते. दोन वर्षांपूर्वी वैभववाडीकडून करूळ घाट चढताना मी हे कानांनी ऐकलं होतं. धो धो पाऊस, वायपर चालू, दिवे चालू, काचेवरचं धुकं घालवायला एसी चालू, म्हणजे पट्ट्यावर होता नव्हता तेवढा भार. एका डबक्यातून गाडी गेली आणि बॉनेटखालून लांबलचक किंकाळी आली. गगनबावड्याला पोचेपर्यंत पट्टा वाळला आणि गप्प झाला. मीही गप्प बसलो, ते चुकलं.

कारण किंकाळी आणि चिवचिव ही दोन वेगळी दुखणी आहेत. लांब किंकाळी म्हणजे पट्टा सटकतोय: ताण कमी किंवा फासळ्या संपल्या. पाणी मारलं की ती आणखी वाढते. तुटक, ठेक्यातली चिवचिव म्हणजे एखादी पुली किंचित वाकडी आहे आणि फासळी खाचेत शिरताना कडेला घासते आहे. पाण्याने तिला क्षणभर वंगण मिळतं, आवाज थांबतो, पाणी उडालं की परत येतो. मेस्त्रींचा फवारा तो हा.

मग बदलायचा कधी? जुनं उत्तर सोपं होतं: भेगा मोजा. तेव्हाचे पट्टे निओप्रीनचे असत. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत १९३० साली सापडलेलं हे रबर. त्याच्या रेणूच्या कण्यातच दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालतो. त्यामुळे वय झालं की पोटावर आडव्या भेगा पडायच्या आणि माणूस सावध व्हायचा. आता जवळपास सगळे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे येतात. यात दुहेरी बंध कण्यात नसून बाजूच्या फांद्यांत असतात, ओझोनचा घाव कण्याला लागत नाही. पट्टा जास्त टिकतो, भेगा मात्र जवळजवळ पडतच नाहीत. तो टायरसारखा मुकाट्याने झिजतो. "भेग न्हाई, मग चांगलाच हाय" हे वाक्य अजूनही ऐकू येतं. ते वीस वर्षं जुनं झालंय.

म्हणून भेगांऐवजी खाचा बघायच्या. इंजिन थंड आणि बंद असताना मोबाईलचा फोटो जवळून काढा. नव्या पट्ट्यात दोन फासळ्यांमधली खाच अरुंद आणि धारदार दिसते, झिजलेल्यात ती रुंद आणि गोलसर होते. सुट्या भागांच्या दुकानांत कधी कधी प्लास्टिकची छोटी गेज मिळते. ती खाचेत बसवल्यावर फासळ्यांच्या वर उरली तर पट्टा ठीक, पातळीत आली किंवा बुडाली तर संपला. फासळीचा तुकडा उडालेला असेल, कडेचे दोरे सुटले असतील किंवा पोट आरशासारखं चकचकीत झालं असेल तर गेजचीही गरज नाही.

किलोमीटरचं काय? पुस्तिकेत दिलेला आकडा पाळावा, पण त्याला चिकटून बसू नये. थोडं गणित मांडून बघा. क्रँकची पुली १५ सेंटिमीटरची, इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर. पट्टा सेकंदाला पावणेसोळा मीटर धावतो, म्हणजे ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास. ताशी सरासरी ४० ने गाडी एक लाख किलोमीटर गेली तर पट्टा तेवढ्या अडीच हजार तासांत १ लाख ४० हजार किलोमीटर पळालेला असतो! पावणेदोन मीटरच्या पट्ट्यावर सहा पुल्या धरल्या तर तो अठ्ठेचाळीस कोटी वेळा वाकून सरळ झालेला असतो. आणि रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर एसी लावून भेळ खात बसलेल्या गाडीचा आकडा हलत नाही, पट्टा मात्र तेव्हाही ताशी २२ किलोमीटरच्या चालीने धावतोच आहे. गावात फिरणाऱ्या गाडीचा पट्टा हायवेवरच्या गाडीपेक्षा लवकर म्हातारा होतो तो असा. साठ हजारांपासून दर सर्व्हिसिंगला खाचा बघा, हे माझं मत.

तेलाची गळती असेल तर आधी ती बंद करा. ईपीडीएम ओझोनला भीत नाही, पण इंजिन ऑईलने फुगतं. पिठाच्या गिरणीत पट्ट्याला राळ लावतात तसा कुठला चिकट फवारा याला मारू नका. आवाज दोन दिवस दबतो, खाचांत मात्र धुळीचा लगदा होतो.

बदलायचं काम तसं अवघड नाही, अडचण जागेची असते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. पट्टा कसकसा वळलाय त्याचा फोटो घ्या, हे विसरलात तर पुढचा तासभर कोडं सोडवत बसाल. टेन्शनर म्हणजे स्प्रिंगचा हात, लांब दांड्याच्या पान्याने तो ढिल्या दिशेला फिरवला की पट्टा सुटतो. आता नवा लगेच चढवू नका. उघड्या पडलेल्या प्रत्येक पुलीला बोटाने गिरकी द्या. खरखर लागली, पुली डुगडुगली किंवा स्प्रिंगचा हात अडकत हलला, तर तो भाग आत्ताच बदला. नव्या पट्ट्यावरचा आकडा जुन्याशी ताडून बघा: ६पीके१७८० म्हणजे सहा फासळ्या, ३.५६ मिलिमीटर अंतराने, आणि लांबी १७८० मिलिमीटर. शेवटी गुळगुळीत पुलीवरून पट्टा सरकवा आणि प्रत्येक फासळी आपापल्या खाचेत बसलीय का ते बोट फिरवून बघा. एक फासळी बाहेर राहिली की पट्टा काही मिनिटांत स्वतःला चिरून घेतो. काही गाड्यांत टेन्शनर नसतोच, मुळात ताणला जाणारा पट्टा असतो. तो त्याच्या खास हत्याराशिवाय चढवण्याच्या नादी लागू नये. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत तर पट्टा इंजिन चालूही करून देतो, तिथलं काम जाणत्याकडेच द्यावं. इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट हे वेगळंच प्रकरण आहे, त्याला यात गोवू नका.

एवढं करूनही पट्टा तुटलाच तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिन तापत जातं आणि 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार इंजिनाच्या हेडला महागात पडतो. गाडी जिथे असेल तिथे बाजूला घ्यायची.

माझ्या गाडीत मेस्त्रींनी पट्टा उतरवला आणि मधल्या आयडलर पुलीला, म्हणजे पट्ट्याला नुसतं वळण देणाऱ्या पुलीला, गिरकी दिली. हातातली वाळू चोळावी तसा आवाज आला. बेअरिंग खाल्लं होतं, पुली केसभर कलली होती. पुली बदलली, तोच महिनाभराचा पट्टा परत चढवला, गाडी चालू केली. आवाज नाही.

मग त्यांनी डिकीतून माझा जुना, काढून टाकलेला पट्टा मागितला. फडक्याने पुसला, गेज लावली. ती फासळ्यांच्या वर चांगली उभी राहिली.

"ह्यो तर अजून तीस हजार गेला असता," ते म्हणाले आणि सैल गुंडाळी करून पट्टा माझ्या हातात दिला. "टाकू नका. डिकीतच असू द्या, घाटात कामाला येतोय."